बडनेऱ्याला थांबलेली गाडी

आचलला अकोल्याला तिच्या आईकडे पोचवायचं होतं, त्या सकाळी गोदाबाई घरात थांबलीच नाही. उजाडायच्या आत उठून तिनं नातीची पिशवी भरली, वर धापोड्यांची, ज्वारीच्या पापडांची, पुडी ठेवली, पोरीच्या दोन वेण्या घट्ट घालून रिबिनी बांधल्या आणि टोपली उचलली.

"उद्याच्या बाजाराले झेंडू तोडा लागते," ती म्हणाली.

"आता? पोट्टी निघून राहिली न," तिचा नवरा पुंजाराम म्हणाला.

"मंग निघू द्या. मी काय तिले धरून ठेवली?"

आणि ती वावराच्या वाटेला लागली. मागं वळून तिनं एकदाही पाहिलं नाही. पुंजारामला तिचा राग आला नाही. त्याला जमलं असतं तर तोही कुठंतरी वावरात जाऊन बसला असता.

भातकुलीच्या पलीकडं, हमरस्त्यापासून जरा आत त्यांचं गाव. वांगी, कोथिंबीर, पालक आणि सणासुदीला झेंडू, यावर घर चालायचं. माल अमरावतीच्या बाजारात न्यायचं काम त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, कुलदीपचं. त्यानंच ही जुनी पांढरी गाडी आणली होती. मागची सीट काढून तो पहाटे भाजीचे कॅरेट भरायचा आणि दुपारी सीट परत बसवून बायकोला नि पोरीला मोझरीला फिरवून आणायचा. दोन पावसाळ्यांमागं विहिरीवरच्या मोटरचा करंट त्याला लागला. पुंजाराम धावत पोचला तोवर सगळं आटोपलं होतं.

सून करिश्मा तेव्हा ऐन पंचविशीतली. वर्षभर ती सासरीच राहिली. खाली मान घालून काम करायची, रात्री भिंतीकडं तोंड करून निजायची. मग तिच्या माहेरच्यांनी अकोल्याचं स्थळ आणलं. अमोल नावाचा, एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला असलेला, सरळ स्वभावाचा माणूस. करिश्मा नाहीच म्हणत होती. पुंजारामनंच तिला समोर बसवून सांगितलं, "माय, आमचं काय, आज हाओत, उद्या नाई. तू कर लगन." गोदाबाईनं त्यावर कितीतरी दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

जाताना करिश्मा म्हणाली होती, "आचलले थोडे दिवस राहू द्या इथं. मी तिकडं बस्तान बसवते अन् घेऊन जाते." त्या थोड्या दिवसांचं वर्ष झालं. ती न्यायचं म्हणाली की काहीतरी आडवं यायचंच. एकदा पोरीला ताप आला. तो खराच होता. मग पोळा आला. मग गोदाबाईचं बीपी वाढलं. मग दिवाळी, मग संक्रांत, मग मामाच्या घरची जावळं. प्रत्येक वेळी फोनवर गोदाबाई बोलायची आणि पुंजाराम शेजारी बसून जमिनीकडं पाहायचा. आता मात्र शाळा उघडायला आठवडा उरला होता. अकोल्याच्या शाळेत पहिलीत नाव घातलं होतं. आता आडवं यायला काही राहिलं नव्हतं.

गाव सोडून गाडी डांबरी रस्त्याला लागली आणि मागच्या सीटवरून आचलनं मान पुढं काढली.

"आबा, हा लाल दिवा काहून लागून राहिला?"

"कोनता?"

"हा न. गोल गोल हाये अन् मधात काठी."

स्टिअरिंगच्या मागं, काट्यांच्या खाली खरंच लाल दिवा होता. पुंजारामनं पाहिलं तोवर विझला. पुढच्या वळणावर गाडी वळली तसा पुन्हा लागला, सरळ झाल्यावर विझला. आडव्या आलेल्या गाईंसाठी ब्रेक दाबला तेव्हाही लागला. हँडब्रेक थोडा वर राहिला असेल म्हणून त्यानं तो उचलून पुरता खाली दाबला. दिवा थोडा वेळ गप्प बसला आणि मग जो लागला, तो विझेचना.

पुंजारामनं ट्रॅक्टर आयुष्यभर हाकला होता. गाडी तो कुलदीप गेल्यावर, नाइलाजानं चालवायला लागला. पेट्रोल घालायचं, हवा भरायची, एवढंच त्याला ठाऊक. बाकी सारं कुलदीप पाहायचा. रविवारी बोनेट उघडून तासन् तास डोकं खुपसून बसायचा, आणि गोदाबाई म्हणायची, गाडीसंगच लगन लावाले पाह्यजे होतं याचं.

त्यानं बाभळीच्या सावलीला गाडी उभी केली. बोनेट उघडायचा खटका शोधण्यातच बराच वेळ गेला. बोनेट वर केलं, आत धुळीचा थर. बॅटरीच्या शेजारी, कोपऱ्यात, एक निळ्या चौकडीचं फडकं खोचलेलं होतं. कुलदीपच्या जुन्या शर्टाची बाही. बटणासकट होती. पुंजारामचा हात तिथं गेला आणि तसाच मागं आला.

ब्रेकच्या तेलाची डबी कुठं असते हे कुलदीपनं एकदा दाखवलं होतं. काचेच्या खालच्या बाजूला, ड्रायव्हरच्या समोर. ती सापडली, पण धुळीनं इतकी माखली होती की आतलं काही दिसेना. फडकं समोरच होतं. त्यानं ते घेतलं नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यानं डबी पुसली. डबीवर दोन रेघा होत्या, एक वरची, एक खालची. तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं.

"काय झालं आबा?"

"तेल कमी झालं."

"मंग आपन जाऊन नाई राहिलो काय?"

पोरीच्या आवाजात काळजी होती की आनंद, हे त्याला कळेना. तो म्हणाला, "जाऊन राहिलो न. भातकुलीले तेल टाकू."

भातकुलीपर्यंत त्यानं गाडी बैलगाडीच्या चालीनं नेली. स्टँडाजवळ गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानदारानं झाकणावर लिहिलेला नंबर वाचला, तेच तेल आणलं, झाकणाभोवतीची धूळ पुसून वरच्या रेघेपर्यंत भरलं. गाडी चालू केली, दिवा गेला.

"गेला!" आचलनं टाळ्या पिटल्या.

"गेला, पन तेल कमी काहून झालं ते पाहून घ्या काका," दुकानदार म्हणाला. "हे तेल पेट्रोलवानी जयत नसते. ब्रेकचे लायनर घासले तर उतरते, नाई तं कुठूनतरी थेंब थेंब गयते."

"पाहतो," पुंजाराम म्हणाला आणि निघाला.

दिवा गेला तेव्हा त्याच्या मनात काहीतरी खचलं. बरं वाटायला पाहिजे होतं, ते वाटलं नाही. दिवा राहिला असता तर मागं फिरायला कारण झालं असतं, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आभाळ भरून आलेलं, पण पाण्याचा थेंब नाही, नुसता उकाडा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नांगरून ठेवलेली काळी वावरं. आचल मागं धापोडे मोडून खात होती आणि बोलत होती. अकोल्याच्या शाळेत झुला आहे म्हणे. आईनं फोनवर दाखवला. आईनं नवीन दप्तर घेतलं, त्यावर ससा आहे. पुंजाराम "हं, हं" म्हणत राहिला. हसली की तिच्या डाव्या गालावर कुलदीपसारखीच खळी पडायची. तो आरशात पाहायचा आणि पुन्हा रस्त्याकडं पाहायचा.

बडनेऱ्याच्या अलीकडं दिवा पुन्हा लागला. आता थेट, डोळ्यात बोट घातल्यासारखा. गाडी पुलावर चढली होती, थांबायला जागा नव्हती. उतरताना पुढची बस अचानक थांबली. पुंजारामनं ब्रेक दाबला तो पाय सरळ खालीच गेला. जसा चिखलात रुतावा तसा. गाडी थांबेना.

"आबा!"

त्यानं पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. तिसऱ्या दाबाला खाली काहीतरी अडलं. गिअर खाली टाकला, हँडब्रेक खेचला. गाडी घासत, हिसके देत गेली आणि बसच्या मागच्या शिडीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. आचल सीटवरून खाली घसरली होती. तिला लागलं नव्हतं. पुढच्या सीटच्या मागं डोकं धरून ती बसली होती आणि तिच्या हातातला धापोडा तसाच होता.

बस निघून गेली. मागून हॉर्न वाजत होते. पुंजारामचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. एका लेकराला घेऊन गेला तो वरचा, दुसरं मीच घेऊन चाललो होतो, एवढंच त्याच्या मनात फिरत राहिलं.

पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून त्यानं गाडी पूल उतरवली. खाली स्टेशनच्या रस्त्याला एक गॅरेज होतं. मालक चंदन नावाचा, चाळिशीचा, घाईतला माणूस. दोन गाड्या अगोदरच उभ्या होत्या, म्हणून तो आधी नाहीच म्हणत होता. मग त्यानं मागं बसलेल्या पोरीकडं पाहिलं, पुंजारामच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि जॅक घेऊन आला.

मागचं डावं चाक काढलं. चाकाच्या आतली बाजू ओली, काळपट, चिकट झाली होती. चंदननं बोट फिरवून दाखवलं.

"अठून गयून राहिलं. चाकातला ब्रेकचा सिलिंडर गेला, लायनर बी तेलात भिजले. तुमी वरून कितीक टाकसान, ते खालून जाईन." मग त्यानं मान वर केली. "दिवा लागला नव्हता काय?"

"लागला होता. तेल टाकलं, विझला."

"दिवा इझवायसाठी नसते न काका तो."

तो रागानं बोलला नाही, तरी पुंजारामनं मान खाली घातली.

"कधी होईन?"

"सिलिंडर अमरावतीहून आना लागन. पोराले पाठवतो. मंग बसवनं, नवं तेल, लाईनमधली हवा काढनं... सांजेपर्यंत झालं तं झालं, नाई तं उद्या. कुठी निघाले?"

"अकोल्याले."

"मंग आज राहू द्या. वापस जा घरी. ऑटो भेटते स्टँडावर. उद्या सावकाश जा."

चंदन दुसऱ्या गाडीकडं वळला. वापस जा घरी, उद्या सावकाश जा. किती सहज बोलला तो.

पुंजारामनं गोदाबाईला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला. वावरात गेली तरी फोन हातातच धरून बसली असावी.

"पोचले?"

"नाई. बडनेऱ्याले हाओत. गाडीचे ब्रेक गेले. पोट्टी बरी हाये, काई झालं नाई. गाडी गॅरेजले लावली."

ती बोलली तेव्हा तिचा आवाज उजळला होता. कुलदीप गेल्यापासून तो आवाज त्यानं ऐकला नव्हता.

"मंग आना न तिले वापस. देवालेच मंजूर नाई म्हना. मी आत्ता जाऊन भाकरी टाकतो. तिच्यासाठी वांग्याचं भरीत करतो, आना तुमी तिले."

"पाहतो," तो म्हणाला.

"पाह्यचं काय त्याच्यात? ऑटो करा."

त्यानं फोन ठेवला. करिश्माला सांगायलाच पाहिजे होतं. ती वाट पाहत असणार. नंबर लावताना त्याला बरंच हलकं वाटत होतं. खोटं तर काहीच सांगायचं नव्हतं. ब्रेक खरंच गेले होते. चाक काढलेली गाडी समोर होती.

"करिश्मा, माय, आज काई जमत नाई असं दिसते. गाडीचे ब्रेक गेले. बडनेऱ्याले अडकलो."

पलीकडं कुकरची शिटी ऐकू आली. मागं कोणीतरी भांडं ठेवलं.

"ऐकून राहिली न?"

"हो, मामाजी."

"उद्या, नाई तं परवा..."

"मामाजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मागं ताप होता. मग पोळा होता. मग आईंचं बीपी. मी एकदाही काही म्हटलं नाही. आज ब्रेक." ती थांबली. "तुम्हाले तिला आणायचंच नसंल तर तसं सांगा. मी समजून घेईन. पण मले रोज वाट पाहायला लावू नका."

"माय, खरंच गेले ब्रेक."

"हो," ती म्हणाली. ती तसं विश्वास ठेवून म्हणाली नव्हती. वाद नको म्हणून म्हणाली होती. "आचल बरी आहे ना?"

"बरी हाये. देऊ काय?"

"नको. मग रडू येईल मले. ठेवते."

पुंजाराम फोन हातात धरून उभा राहिला. त्याला वाटलं, फोटो काढून पाठवावा, चाक काढलेल्या गाडीचा. मग वाटलं, कशाला. वर्षभर तिला जे जे सांगितलं, त्याच्यावर हा एक फोटो काय पुरणार होता.

गॅरेजच्या दारात एका जुन्या टायरवर आचल बसली होती. पाय हलवत होती. एका रिबिनीची गाठ सुटली होती. त्याच्याकडं पाहून तिनं विचारलं, "आईचा फोन होता?"

"हाव."

"आई रागवली?"

"नाई रागवली."

"मंग काय म्हने?"

काय म्हने? म्हणे मला रोज वाट पाहायला लावू नका. वाट पाहणं काय असतं हे पुंजारामला ठाऊक होतं. कुलदीप गेल्यावर महिनाभर तो रोज उन्हं वर आली की अंगणात उभा राहायचा, भाजी घेऊन गेलेली गाडी परत यायची वेळ झाली म्हणून. गाडी तर अंगणातच उभी असायची. ज्याची वाट पाहायची तो कधीच येणार नव्हता. पण करिश्माची लेक होती. जिवंत होती, टायरवर बसून पाय हलवत होती, आणि तिच्या आईला ती मिळत नव्हती.

पलीकडून स्टेशनवर गाडीची घोषणा झाली. अकोल्यावरून भुसावळकडं जाणारी होती.

त्यानं डिकीतून पिशवी काढली. "चाल," तो म्हणाला.

"घरी?"

"अकोल्याले. रेल्वेनं."

चंदननं मान वर करून पाहिलं. "चावी ठेवून जातो बाप्पा," पुंजाराम म्हणाला, "सांजेले येतो घ्याले." आणि गोदाबाईला त्यानं फोन केला नाही. केला असता तर पाय उचलला नसता.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. आचल पहिल्यांदाच रेल्वेत बसली होती. मूर्तिजापूर येईपर्यंत ती एकसारखी बाहेर पाहत होती. विजेचे खांब, बैल, पुलाखालचा कोरडा नाला. मग त्याच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "आबा, एक इचारू?"

"इचार."

"तिकडच्या काकाले काय म्हनू?"

"कोन काका?"

"अमोल काका. आई म्हने काका नको म्हनू. मंग काय म्हनू?"

समोरच्या बाकावरच्या बाईनं पाहिलं आणि नजर फिरवली. पुंजारामनं दुपट्ट्यानं कपाळ पुसलं. बाहेर वावरं मागं मागं पळत होती. हा प्रश्न त्याला विचारायच्या ऐवजी पोरीनं तिच्या आईला विचारला असता तर किती बरं झालं असतं.

"बाबा म्हन," तो म्हणाला.

ती विचार करत राहिली.

"मंग बाबाले काय म्हनू?"

"त्याले बी बाबाच म्हन."

"दोन दोन?"

"हाव. दोन असले म्हनून काय झालं. कोनाचे दोन मामा असतात, कोनाच्या दोन आत्या असतात."

तिला ते पटलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडं वळली. पुंजारामनं चेहरा दुसरीकडं केला. वाऱ्यानं डोळ्यांत धूळ जाते, तसं त्यानं दाखवलं. कुलदीपचं नाव सातबाऱ्यावरून उतरवताना, त्याचे कपडे लोकांना देऊन टाकताना तो इतका हलला नव्हता. बाबा हा एकच शब्द त्याच्या लेकाचा म्हणून उरला होता, आणि तो त्यानं आज आपल्या तोंडानं दुसऱ्याला देऊन टाकला.

बोरगाव गेल्यावर त्यानं करिश्माला फोन केला. "रेल्वेनं येऊन राहिलो. स्टेशनवर ये." फोन तसाच चालू होता आणि पलीकडं ती रडत होती, एवढं त्याला ऐकू आलं.

अकोल्याच्या फलाटावर ती जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. साडी बदलायलाही थांबली नव्हती, हाताला पीठ तसंच होतं. आचलनं तिला पाहिलं आणि पुंजारामच्या हातातला हात सुटला. कधी सुटला हे त्यालाही कळलं नाही. करिश्मा खाली बसली होती आणि पोरगी तिच्या गळ्यात होती, आणि दोघींच्या बाजूनं लोक सामान घेऊन जात होते. अमोल चार पावलं मागं उभा होता. जवळ यावं की नाही, हे त्याला उमजत नव्हतं. शेवटी तो आला आणि पुंजारामच्या पाया पडला.

"मामाजी," करिश्मा उठून म्हणाली, "मी सकाळी..."

"राहू दे," पुंजाराम म्हणाला.

"मले वाटलं..."

"तुले जे वाटलं ते बराबर वाटलं. राहू दे आता."

घर लहान होतं, पण नीटनेटकं. खिडकीखाली सशाचं दप्तर ठेवलं होतं. शेजारी अमोलनं स्वतःच्या हातानं करवतून केलेला छोटा पाट होता, अभ्यासाला. पुंजारामनं तो हातानं चाचपून पाहिला. कोपरे घासून गोल केले होते, लागू नयेत म्हणून. करिश्मानं वरण, भात, आलू-वांग्याची भाजी वाढली. तो जेवला. घास उतरत नव्हता तरी जेवला, कारण ती समोर बसून पाहत होती.

जेवण झाल्यावर आचल शेजारच्या एका पोरीबरोबर अंगणात गेली. लोखंडी झोपाळा होता तिथं. निघायची वेळ झाली तेव्हा करिश्मा म्हणाली, "बोलावते तिला."

पुंजाराम दारात उभा राहून पाहत होता. झोपाळा वर जायचा आणि आचल मान मागं टाकून हसायची. दोन्ही रिबिनी आता सुटल्या होत्या.

"नको," तो म्हणाला. "खेयू दे. बोलावलं तं मग..." त्यानं चपला पायात सरकवल्या आणि मागच्या दारानं निघाला.

अमोलनं त्याला मोटारसायकलवर स्टेशनला सोडलं. उतरल्यावर अमोल म्हणाला, "बाबा, दिवाळीला मी स्वतः घेऊन येतो तिला. महिनाभर राहील. आईंना सांगा."

"सांगतो."

"आणि तुम्ही कधीही या. मी... म्हणजे ती तुमचीच आहे. मला काही तिच्यावरचा तुमचा हक्क..." त्याला वाक्य पुरं करता येईना.

पुंजारामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिले रात्री तहान लागते," तो म्हणाला. "उठवत नाई कोनाले, तशीच पडून राह्यते. उशाशी पानी ठेवत जा."

"ठेवीन," अमोल म्हणाला.

बडनेऱ्याला उतरला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गाडी तयार होती. चंदननं त्याला आत बसवून पेडल दाबायला लावलं. पेडल वरच, दगडासारखं घट्ट. गळका सिलिंडर काढून ठेवला होता तो त्यानं हातात दिला. पुंजारामनं तो पाहिला, तर्जनीएवढाही नव्हता.

"एवढ्याशानं?"

"एवढ्याशानंच," चंदन म्हणाला. "पोचवली काय पोट्टीले?"

"पोचवली."

एकट्यानं गाडी चालवत तो गावाकडं निघाला. वाटेत कुठं थांबायची गरज पडली नाही. भातकुलीच्या पुढं रस्ता मोकळा होता, तरीही तो हळूच चालवत होता. घर लवकर येऊ नये असं वाटत होतं.

गोदाबाई ओसरीवर बसली होती. गाडी अंगणात शिरली तशी ती उठली नाही. पुंजाराम उतरला, दार लावलं. तिनं गाडीत कोण आहे हे पाहिलंही नाही. दुपारपासून फोन आला नव्हता, त्यातच तिला सारं कळलं होतं. आतून भरताचा वास येत होता.

तो तिच्या शेजारी जाऊन बसला. गोठ्यात गाय शेपटी हलवत होती.

"तुमी मले सांगतलं नाई," ती म्हणाली.

"सांगतलं असतं तं जाऊ देल्लं नसतं तू."

तिनं नाही म्हटलं नाही. पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली, सोडत राहिली.

"रडली काय?"

पुंजारामला वाटलं, रडली म्हणावं. लय रडली, तुझं नाव घेत होती म्हणावं. त्यानं गोदाबाईचं समाधान झालं असतं आणि उद्या पुन्हा फोन सुरू झाले असते. पोरगी रडते, करमत नाही तिला, आणा वापस. त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिचे हात झेंडूनं पिवळे झाले होते.

"नाई रडली," तो म्हणाला. "झोपायावर खेयत होती. मी निघालो ते बी तिले माहीत नाई."

गोदाबाईनं मान हलवली. एकदा, दोनदा.

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिनं पदर तोंडात धरला, आणि दोन वर्षं तिनं गोळा करून ठेवलेलं सगळं रडणं एकदम बाहेर आलं. लेकाच्या वेळी ती अशी रडली नव्हती. तेव्हा मांडीवर आचल होती आणि पोरगी भिईल म्हणून तिनं आवाज गिळला होता. आज मांडी रिकामी होती.

पुंजारामनं तिला गप्प केलं नाही. तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. दिवे लागायची वेळ झाली तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.